भूल देण्याआधी

लग्नाच्या वरातीतला कर्णा असा मध्येच थांबत नाही. म्हणून तो थांबला, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांच्याच माना वळल्या.

माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. आमच्या कोकंद शहरात वसंतात पडतो तसा बारीक पाऊस नुकताच येऊन गेला होता, आणि मातीच्या भिंतींना ओला, गोडसर वास सुटला होता. नवरदेवाची माणसं दारात पोहोचली होती. दोघे सनईवाले, एक डफवाला, आणि पुरुषभर उंचीच्याही वर जाणारा पितळी कर्णा आभाळाकडे रोखून फुंकणारा एक रुंद खांद्यांचा तरुण. त्याचे गाल फुगलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या... आणि अचानक आवाज तुटला. त्याने कर्णा खाली टेकवला, पाटाच्या कडेला बसला आणि पोटाशी हात धरून पाण्याकडे बघत राहिला.

पाहुण्यांना वाटलं, दम लागला असेल. सनई चालू राहिली. मी मात्र ओढणी सावरत त्याच्याजवळ गेले. इस्पितळात भूल देणाऱ्या नर्सची नोकरी लागून मला फार काळ झाला नव्हता, आणि त्या दिवसांत मला जो दिसेल तो आजारीच वाटायचा.

"कुठे दुखतंय?" मी विचारलं.

"कुठे नाही."

"मग बसलात का?"

"पाणी बघतोय. छान वाहतंय."

"पोटात दुखतंय ना?"

"...थोडं."

"पोटात कुठे?"

"खाली."

"किती खाली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. "अहो बाई, लग्नघर आहे हे!"

मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, पण हसताना दुखलं आणि त्याने ओठ आवळले. तेव्हा मी हसायचं थांबवलं. जोर केला की जांघेत फुगा येतो का, आडवं झालं की तो जातो का, असं मी हळू आवाजात, पाटाकडे बघत विचारलं. त्यानेही पाटाकडेच बघत दोनदा मान हलवली.

"हर्निया आहे," मी म्हटलं. "आतडं अडकलं तर जीवावर बेतेल. उद्या इस्पितळात या. आणि आज कर्णा फुंकायचा नाही."

"मग वरात आत कशी जाणार?"

"पायांनी."

त्याचं नाव एर्गाश. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण तो खरंच आला. माझं नाव मुहय्यो, हे त्यालाही तेव्हाच कळलं.

आमच्या शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख त्सोय डॉक्टरीणबाई. ठेंगण्या, कोरियन, बोलणं चाकूसारखं. त्यांनी त्याला तपासलं, ऑपरेशन करायलाच हवं म्हणाल्या आणि त्याला माझ्यासमोर बसवून निघून गेल्या. ऑपरेशनआधी माणसाच्या पोटात, रक्तात, श्वासात काय काय आहे ते काढून घेणं हे माझं काम होतं. आदल्या दिवशीच मी त्याला बजावलं होतं की घरी जे जे तोंडात जातं ते सगळं घेऊन या. त्याने माझ्यापुढे फुलाफुलांचा रुमाल ठेवला आणि गाठ सोडली.

आत ॲस्पिरिनच्या गोळ्या होत्या. काळ्या डांबरासारख्या शिलाजिताचा खडा होता. वाळवलेल्या काड्यांची पुडी होती, जिचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. आणि छोट्या पिवळ्या गोळ्यांची एक बाटली.

"या पिवळ्या कसल्या?"

"आत्याच्या. तिच्या हृदयाच्या आहेत."

"आणि तुम्ही घेता?"

"अधूनमधून. ती म्हणते, तिला लागू पडतात तर मला का नाही पडणार? रक्त तर एकच आहे."

त्याची आई लहानपणीच गेली होती, आणि त्याला वाढवलं होतं त्या सोजिदा आत्याने.

"ॲस्पिरिन कशाला?"

"कर्णा फुंकून डोकं ठणकतं. लग्नसराईत तर रोजच."

मी सगळ्या पुड्या एका बाजूला सारल्या. ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं, जखम वाहत राहते. शिलाजीत काय करतं ते मला नक्की माहीत नाही, म्हणून तेही बंद. काड्यांचा काढा बंद. आत्याच्या गोळ्या आत्यालाच. आठवडाभराने ऑपरेशन. हे सगळं मी जमेल तितक्या कडक आवाजात सांगितलं. तो गुपचूप ऐकत होता, पण बोलताना त्याचा उच्चार जरा बोबडा येत होता.

"जीभ वर करा," मी म्हटलं.

"का?"

"करा."

त्याने डोळे मिटले आणि जीभ वर केली. जिभेखाली हिरवी गोळी... नोस! आमच्याकडचे पुरुष ही तंबाखू जिभेखाली धरतात आणि दिवसभर विसरून जातात.

"हेसुद्धा बंद. आजपासून."

"नर्सबाई, हे काय औषध आहे? हे तर नुसतं असतं तोंडात."

"तंबाखूने लाळ सुटते आणि भुलेत ती छातीत उतरते. भुलेत खोकला आला तर टाके सुटतील. तुम्ही नोस सोडणार नाही, मला माहितीय."

"सोडीन."

"कशावरून?"

तो काळ्या, मिस्कील डोळ्यांनी माझ्याकडे पाहत म्हणाला, "रोज येऊन जीभ दाखवीन."

मला वाटलं चेष्टा आहे. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी पाळी संपली आणि मी फाटकाबाहेर आले, तर हा तुतीच्या झाडाखाली उभा. मला पाहताच त्याने तोंड उघडलं आणि जीभ वर केली. बाकावर बसलेले दोन म्हातारे रुग्ण टकमक बघत राहिले.

"अहो, मिटा ते तोंड!"

"तपासलंत ना? आहे का काही?"

"काही नाही."

"मग शाबास म्हणा."

"शाबास, एर्गाश-आका." आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला आका म्हणायचं, म्हणजे दादा. ते ऐकून त्याचा चेहरा जरा पडला, हे मी पाहिलं. आणि घरी जाताना सबंध रस्ता मी तेच आठवत होते — पडला होता ना? नक्की पडला होता.

तो रोज येऊ लागला. तुतीची फळं पिकून टपाटप खाली पडत होती, चालताना चपला जांभळ्या व्हायच्या. जीभ दाखवून झाली की तो म्हणायचा, "चला, थोडं चालूया. तुम्हीच सांगितलंय ना, चालत जा म्हणून." मी त्याला ऑपरेशननंतर खोकायचं कसं ते शिकवलं. पोटावर उशी घट्ट धरायची आणि मग हळू खोकायचं. उशी नव्हती, म्हणून त्याने आपली कशिद्याची टोपी पोटावर धरून दाखवली.

"असं?"

"टोपी लहान पडते."

"मग उशी देणारं कुणीतरी घरात हवं."

"आत्या आहे की."

"आत्या आहे," तो म्हणाला, आणि लांबलचक सुस्कारा सोडला. कर्णेवाल्याचा सुस्कारा तो. झाडावरची चिमणी उडाली.

एके दिवशी त्याने चालता चालता विचारलं, "भुलेत माणूस कुठे जातो हो?"

"कुठे जात नाही. टेबलावरच असतो."

"आणि परत नाही आला तर?"

मी थांबले. तो हसत होता, पण टोपी हातात चुरगळत होता. तेव्हा त्याने वडिलांचं सांगितलं. ते मालमोटार चालवायचे, डोंगरातल्या घाटाने माल न्यायचे. आमच्याकडे घरातला माणूस लांबच्या वाटेला निघाला की ताज्या रोटीचा एक घास तोडून खातो, आणि उरलेली रोटी भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवतात. ती त्याची वाट बघते. एका पहाटे वडील घाईत निघाले. रोटी तंदूरमध्येच होती, भाजून व्हायची होती. ते थांबले नाहीत. घाटात बर्फाचा कडा कोसळला.

"आत्या अजून म्हणते, एक घास खाऊन गेला असता तर..."

मी शिकलेली मुलगी. बर्फाला रोटी कळत नाही, असं मी म्हणू शकले असते. पण माझ्या घरी भाऊ सैन्यात गेला तेव्हा आईने टांगलेल्या रोटीला तो येईपर्यंत आम्ही कुणालाही हात लावू दिला नव्हता. मी एवढंच म्हटलं, "मी तुमच्या उशाशीच असेन. सगळा वेळ."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. ते माझं काम आहे."

"हं," तो म्हणाला. "काम आहे."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो इस्पितळात दाखल झाला. साबणाने न्हाऊन आला होता. केस ओले, नखं कापलेली, हजामत ताजी, फक्त मिशी ठेवलेली. मी त्याला पुन्हा बजावलं, "रात्रीच्या जेवणानंतर काही नाही. चहा नाही, घोट नाही, काही नाही. पोट रिकामं हवं."

"कळलं, नर्सबाई. शाळेतही मी इतक्यांदा काही ऐकलं नाही."

सकाळी त्याला चाकांच्या खाटेवर ऑपरेशनच्या दालनाबाहेर आणलं. मी त्याच्यावर वाकले, नाडी धरली, आणि रोजच्या क्रमाने प्रश्न विचारले. खोटे दात? नाहीत. नोस? त्याने आपणहून जीभ वर केली. काही खाल्लं-प्यालं?

"नाही," तो म्हणाला. पण डोळे छताकडे गेले.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, कामाला लागतं त्याहून जरा जास्तच वेळ पाहत होते. त्याच्या ओठांकडे, मिशीच्या उजव्या टोकाकडे. आणि तिथे, केसांत अडकलेला, कलौंजीचा एक काळा दाणा होता. रोटीवर लावतात तो.

माझ्या हातातली त्याची नाडी धावू लागली. का माझीच धावत होती?

"एर्गाश-आका, खरं सांगा."

"एकच घास," तो पुटपुटला. "आत्या पहाटे खिडकीशी आली होती. आत आलीच नाही... बाहेरूनच रोटी धरली. नाही कसं म्हणू?"

मी सरळ त्सोयबाईंकडे गेले. त्यांनी हातमोजे काढून फेकले. "परत न्या! भरल्या पोटी मी कुणाला झोपवत नाही. आणि त्या बाईला माझ्यासमोर येऊ देऊ नका, नाहीतर आज दुसरंच ऑपरेशन होईल."

सोजिदा आत्या आवारात बसली होती, मांडीवर कापडात गुंडाळलेली रोटी घेऊन. ऑपरेशन पुढे ढकललं हे ऐकताच ती उसळली.

"एका घासासाठी? एक घास म्हणजे काय जेवण झालं? ती निरोपाची रोटी होती, पोरी! तू कोकंदचीच ना? तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही?"

"शिकवलंय, आत्या."

"मग? माझ्या भावाला मी तसंच जाऊ दिलं. याला नाही जाऊ देणार."

मी तिच्याशेजारी बसले. तिचे हात पिठाने खरखरीत झालेले, गरम होते. मी तिला समजावलं, जसं मला समजावलं असतं तर पटलं असतं तसं. भुलेत अंग सैल पडतं, तेव्हा पोटातलं अन्न वर येतं आणि श्वासाच्या वाटेने छातीत उतरतं. एक घाससुद्धा. "तुमच्या पोराच्या छातीवर आख्खं कोकंद नाचतं, आत्या. त्या छातीत रोटी गेली, तर तो लग्नात फुंकणार नाही, घरी जिनाही चढणार नाही... कदाचित उठणारही नाही."

ती रोटीकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी त्याला परत आणायला गेले, आणि..."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्ही फक्त त्याला सांगतो. खायला घालणाऱ्यांना कुणी सांगत नाही."

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट, डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. "मग निरोप घ्यायचा कधी?"

"आदल्या संध्याकाळी. जेवतानाच. वाट तिथूनच सुरू होते असं समजा."

"तसंही चालतं," ती म्हणाली. "हज करणारेही आदल्या दिवशीच घराबाहेर मुक्कामाला जातात." आणि मांडीवरची रोटी तिने तिथेच मोडून अर्धी चिमण्यांना घातली. अर्धी मला दिली. मी सकाळपासून उपाशी होते हे तिला कसं कळलं, कोण जाणे.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, ती नवी रोटी घेऊन आली. एर्गाशने जेवणाच्या ताटावरच घास तोडला, माझ्या देखत. आत्याने उरलेली रोटी कापडात बांधली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि निघताना मला म्हणाली, "आता तू बघ." मला. त्याला नाही.

सकाळी आधी वॉर्डातच त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं गेलं. टेबलावर घेतला तेव्हा त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या, पण डोळे मला शोधत होते. मी उशाशी जाऊन उभी राहिले.

"इथेच आहे मी."

"दिसताय. उलट्या दिसताय, पण दिसताय."

"खोटे दात?"

"नाहीत."

"काही खाल्लं-प्यालं?"

"काल. तुमच्यासमोर."

"काही औषध, गोळी, काढा?"

"नाही... पण एक राहिलंय सांगायचं."

आता काय? शिलाजीत? आत्याच्या पिवळ्या गोळ्या? त्सोयबाईंनी हात वर धरूनच मान वळवली.

"काय राहिलंय? काय घेतलंत? लवकर बोला!"

"घेतलं नाही काही," तो म्हणाला. शब्द लांबत होते, मधासारखे. "तुम्ही मला आवडता. फार. लग्न कराल माझ्याशी?... हे डॉक्टरांना सांगावं लागतं का?"

कुठेतरी एक चिमटा ट्रेमध्ये खणकला.

"डॉक्टरांनी ऐकलं आहे," त्सोयबाई म्हणाल्या. "रक्तस्रावाचा धोका दिसत नाही. मुहय्यो, मास्क."

मी मास्क धरला. तो मास्क पहिल्या खेपेलाच नीट बसला, याचा मला आजही अभिमान आहे. त्याचे डोळे मिटले. मला उत्तर द्यायला त्याने वेळच दिला नाही.

भुलेतल्या माणसाची हनुवटी वर धरून ठेवावी लागते, नाहीतर जीभ मागे पडून श्वास अडतो. ते ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा चेहरा माझ्या दोन्ही हातांत होता. त्याआधी मी त्याला नाडीपलीकडे कधी स्पर्श केला नव्हता. बोटांखाली त्याचा श्वास येत होता, जात होता... एकदा जरासा अडखळला, आणि त्या क्षणी मला कळलं की माझं उत्तर काय आहे. हनुवटी आणखी वर उचलली. श्वास पुन्हा मोकळा झाला. मी मनातल्या मनात म्हणत होते, या. परत या. मला काही सांगायचंय तुम्हाला.

"छान काम," टाके घालता घालता त्सोयबाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

तो दुपारी जागा झाला. खिडकीतून जर्दाळूच्या पानांची सावली त्याच्या पांघरुणावर हलत होती. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून मी ओला कापूस त्याच्या ओठांवर हळूच टेकवला. त्याने डोळे उघडले आणि मला पाहिलं.

"आलो?"

"आलात."

मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारचा म्हातारा घोरत होता. सगळं धैर्य गोळा केलं, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं, आणि म्हटलं, "हो."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"हो काय?"

"म्हणजे... माझं उत्तर. हो."

"कशाचं उत्तर?"

माझा चेहरा तापला. "तुम्ही विचारलंत ना! टेबलावर. मास्क लावायच्या आधी!"

"मी? काय विचारलं?" त्याच्या कपाळावर आठी. "मला तर वॉर्डातलं इंजेक्शन आठवतंय. पुढचं काहीच नाही."

गुंगीच्या औषधाने असं होतं. मला हे माहीत होतं, मीच किती रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं होतं! त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. मी उठले. त्याने माझ्या ओढणीचं टोक धरलं.

"मुहय्यो. मी काय विचारलं होतं?"

"काही नाही."

"भूल देणाऱ्या नर्सने रुग्णापासून काही लपवायचं नसतं."

"ते रुग्णाने नर्सपासून!"

"सांगा ना. मी हलू शकत नाही, टाके आहेत. तुम्ही गेलात तर मी मागे येईन, आणि टाके सुटतील, आणि त्सोयबाई तुम्हाला..."

"लग्नाचं!" मी म्हटलं. "लग्नाचं विचारलंत! आणि मी हो म्हणतेय!"

शेजारच्या म्हाताऱ्याचं घोरणं थांबलं. एर्गाश हसू लागला, पोट दुखलं, त्याने उशी धरली, अगदी मी शिकवलं होतं तशी, आणि उशी धरून तो हसत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या शरदात आमचं लग्न झालं. एकोणचाळीस वर्षांचा संसार. आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्यासमोर, पुढे आमच्या मुलांसमोर आणि नातवंडांसमोरही तो एकच गोष्ट सांगायचा: "मी बिचारा टाके घालून पडलो होतो, हलताही येत नव्हतं, आणि हिने मला मागणी घातली. पळून जाणार कुठे?"

मी त्सोयबाईंकडे साक्ष मागायला गेले होते. एकदा नाही, अनेकदा. त्या चहाचा घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "टेबलावर रुग्ण जे बोलतो ते मी बाहेर सांगत नाही. पेशाचा नियम आहे."

त्याच्या शेवटच्या दिवसांत, एका दुपारी, मी त्याच्या उशाशी बसले होते. आता नर्स म्हणून नाही. मी विचारलं, "आता तरी सांगा. खरंच आठवत नव्हतं?"

त्याने डोळे उघडले. ते तसेच होते, काळे, मिस्कील. माझा हात उचलून त्याने आपल्या हनुवटीखाली ठेवला, त्या दिवशी टेबलावर होता तसा, आणि डोळे मिटून घेतले.